परदेशी पाहुण्यांची मते आणि एटापल्लीची वाट

परदेशचा कोणी प्रवासी आमच्या देशात येऊन चार महिने हिंडला आणि स्वदेशी परत गेल्यावर त्याने आमच्या रस्त्यांविषयी, उतारशाळांविषयी, पाण्याविषयी व माणसांविषयी एखादे पुस्तक लिहिले, म्हणजे आमच्या लोकांत दोनच प्रकारची हालचाल दिसून येते. पुस्तकात स्तुती असली तर ते डोक्यावर घेऊन मिरविले जाते. निंदा असली तर लिहिणाऱ्याच्या हेतूचा व कुळशीलाचा पंचनामा सुरू होतो. लिहिलेले खरे किती व खोटे किती, हे पाहण्याचे काम दोन्ही प्रसंगी राहून जाते. १९२७ साली मिस कॅथरिन मेयो ह्या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ निघाले तेव्हा गांधीजींनी त्यास गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल म्हटले, आणि पुढल्याच वर्षी लाला लजपतराय यांचा प्रत्युत्तराचा सबंध ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हिंदी वाचकाने ते पुस्तक वाचून आपल्यापुरता काही लाभ करून घ्यावा, अशा अर्थाचा विचारही गांधीजींच्या त्याच लेखात होता. तो मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

आमच्या मते परक्याचे मत स्वीकारण्यापूर्वी किंवा झिडकारण्यापूर्वी त्यास काही साधे प्रश्न विचारावेत. गृहस्थ कोणत्या ऋतूत आले होते? कोणत्या कामासाठी आले होते? त्यांचे ओझे कोणी वाहिले? आणि ज्या रस्त्याविषयी त्यांनी लिहिले, त्या रस्त्याने त्यांस कोठे जावयाचे होते? पुण्यामुंबईच्या प्रवासवर्णनांस हे प्रश्न लावून फारसे निष्पन्न होणार नाही, कारण तेथे पाहुणा आणि रहिवासी एकाच गाडीतून जातात व एकाच खड्ड्यात आदळतात. म्हणून आम्ही मुद्दाम महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाचा एटापल्लीचा तालुका विचारास घेतो.

चंद्रपुराहून दक्षिणेस निघून आलापल्लीस यावे आणि तेथून ईशान्येस सुमारे ३० किलोमीटर सागवनातून जावे, म्हणजे एटापल्ली लागते. पूर्वी हा मुलूख चांदा जिल्ह्यातील अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात आहे. पूर्वेस लगेच छत्तीसगडचे अबुझमाड. रहिवासी बहुतेक माडिया गोंड. त्यांची बोली द्राविड कुळातील, मराठीशी तिचे नाते शेजारधर्मापुरते. संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यास आगगाडीची ओळख दीर्घकाळ उत्तरेकडील वडसा ह्या एका स्टेशनापुरतीच होती, आणि तेथून एटापल्लीपर्यंतचे अंतर पाहता त्या ओळखीचा ह्या तालुक्यास उपयोग असून नसल्यासारखा.

ह्या रानाच्या कडेने गेलेल्या पहिल्या इंग्रज प्रवाशांपैकी कॅप्टन ब्लंट हा एक होय. १७९५ साली तो काशीनजीकच्या चुनारगडाहून निघाला आणि रतनपूर, रायपूर, कांकेर ही ठिकाणे घेत शेवटी गोदावरीच्या खालच्या अंगास एलोर सरकारात उतरला. कंपनीचा बंगालकडील मुलूख व पूर्व किनाऱ्यावरील मुलूख ह्यांच्यामध्ये नकाशावर जी कोरी जागा होती तीतून वाट काढणे, हे त्याचे काम. इंद्रावती ओलांडून बस्तरात शिरण्याचा त्याचा बेत भोपाळपट्टणमच्या गोंडांनी हत्यार उपसून मोडून काढला. त्याचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापलेला आहे. पाणी कोठे, धान्य कोठे, वाटाड्या भरवशाचा आहे की नाही, ह्याच गोष्टींकडे अशा प्रवाशाचे लक्ष असणार. त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्यास ह्या रानात यावयाचे नव्हतेच. त्यास पलीकडे जावयाचे होते, आणि मधली माणसे ही त्याच्या वाटेतली अडचण होती.

त्रेसष्ट वर्षांनी हाच प्रकार अधिक रक्तरंजित रीतीने घडला. तारखात्याचे गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तळ देऊन राहिले होते. २९ एप्रिल १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांच्या लोकांनी त्या तळावर हल्ला करून दोघांस ठार केले. त्यांचा सोबती पीटर निसटला आणि त्याने चांद्याचा अंमलदार कॅप्टन क्रायटन यास वर्दी दिली. पुढे अहेरीच्या राणीच्या मदतीने बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी झाली. बाबुरावांचे बंड हा निराळा व मोठा विषय आहे. त्यास येथे हात घालीत नाही. आम्हांस दिसते ते एवढेच, की तारेचे खांब ह्या रानातून जाणार होते आणि निरोप जाणार होता दूरच्या दोन शहरांमध्ये. खांबाखालून जाणाऱ्या माडियास त्या तारेने कोणता निरोप मिळणार होता?

ह्यानंतर आले ते अंमलदार, जमाबंदीवाले, जंगलखात्याचे साहेब. ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८७० च्या सुमारास निघाला, १९०९ साली जिल्ह्याचे गॅझेटियर झाले. ही कामे परिश्रमाची आहेत आणि आजही त्यांवाचून ह्या मुलुखाचा इतिहास लिहिता येत नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु साहेबांचा दौरा हिवाळ्यात असे. पावसाळा संपून नाले उतरले, चिखल वाळला, हिवतापाचा जोर ओसरला, म्हणजे तंबू निघत आणि ऊन तापू लागण्याच्या आत परत फिरत. गडचिरोली आजही महाराष्ट्रातील हिवतापाचे एक मोठे ठाणे आहे. त्या काळी ह्या रानात पावसाळा काढण्याची कल्पनाही कोणा शहाण्या परक्याने केली नसती. त्यामुळे त्यांच्या लेखांतील रान नेहमी कोरड्या वाटांचे व निरभ्र आकाशाचे असते. माडियाच्या वर्षातील जे चार महिने सर्वांत कठीण, त्या महिन्यांची पाने त्या ग्रंथांत जवळजवळ कोरी आहेत.

आणि दौऱ्याचे ओझे? ते गावाच्या खांद्यावर. एका गावच्या माणसांनी पेट्या, तंबू, भांडीकुंडी पुढल्या गावच्या शिवेपर्यंत न्यावयाची, तेथून पुढल्या गावाने उचलावयाची. कोंबडी, अंडी, दूध, लाकूडफाटा गावाने पुरवावयाचा. मोबदला साहेबाच्या हातून निघाला तरी तो चपराशाच्या हाताखालून पुढे सरकताना पुष्कळदा वाटेतच आटून जाई. ह्या पद्धतीस बेगार म्हणत. १९१० साली शेजारच्या बस्तरात भूमकालाचा जो वणवा पेटला, त्याच्या कारणांत राखीव जंगलाच्या बरोबरीने बेगारीचेही नाव आहे. ‘वाटा बिकट, परंतु माणसे सरळ व सेवातत्पर’ अशा धाटणीची वाक्ये त्या काळच्या प्रवासवर्णनांत वाचताना ही सेवातत्परता कोठून आली होती, त्याचे स्मरण वाचकांनी ठेवावे.

सगळेच पाहुणे सारखे नव्हते. विल्फ्रिड ग्रिगसन हे १९२७ ते १९३१ पर्यंत बस्तर संस्थानाचे कारभारी होते. माडियांवरील त्यांचा ग्रंथ १९३८ साली निघाला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारासाठी १९४० ते १९४२ पर्यंत चौकशी करून त्यांनी आदिवासींच्या प्रश्नावर जो ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध केला, त्यात जमीन, सावकारी व बेगारी यांचा खोल विचार आहे. त्याच सुमारास व्हेरियर एल्विन यांचे नाव गाजू लागले. हे इंग्रज गृहस्थ १९२७ साली हिंदुस्थानात आले आणि १९३२ पासून मंडला जिल्ह्यात गोंडांच्या वस्तीत घर करून राहिले. बाहेरचा रस्ता रानात शिरला की त्यावरून प्रथम सावकार, मग दारूचा ठेकेदार, मग जंगलचा शिपाई येतो, आणि शिक्षक व डॉक्टर आलेच तर सर्वांच्या मागून येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून १९३९ सालच्या आपल्या बैगांवरील ग्रंथात त्यांनी असे सुचविले, की ह्या लोकांसाठी काही मुलूख राखून ठेवून त्यांना बाहेरच्या संसर्गापासून वाचवावे. ह्यावर आपल्याच मालवणचे सुपुत्र व मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली सबंध पुस्तक लिहून हल्ला चढविला. आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, त्यांस कुंपणात ठेवणे हे त्यांचे नुकसान आहे, असा त्यांचा सिद्धांत. एल्विन यांनी पुढे १९५४ साली भारताचे नागरिकत्व घेतले, आणि आदिवासींस काचेच्या कपाटात ठेवावे असे आपले म्हणणे नाही, हे वारंवार खुलासा करून सांगितले.

आमचा कौल विचाराल तर दवाखाना व शाळा अडवून धरणाऱ्या कुंपणाच्या आम्ही विरुद्ध आहो. येथवर घुर्ये यांचे बरोबर. परंतु रस्त्यावरून प्रथम कोण येतो, ह्याविषयी एल्विन यांनी जी धास्ती घातली ती गेल्या ऐंशी वर्षांत अक्षरशः खरी ठरली आहे, आणि ती खोडून काढणारे पुस्तक अद्याप कोणी लिहिलेले नाही. दोन्ही पक्ष विद्वान होते, दोन्ही पक्ष इंग्रजीत लिहीत होते. रस्ता हवा की नको हा प्रश्न मात्र ज्याच्या अंगणातून रस्ता जावयाचा त्यास त्याच्या बोलीत विचारावा, असे त्या वादात फारसे कोणास सुचले नाही.

एका पाहुण्याने ते काही अंशी केले. प्राणहितेपलीकडे निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात १९४० साली कुमरम भीम जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीस बळी पडले. त्यानंतर त्या गोंडांत क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे पंडित जाऊन राहिले. युद्ध चालू होते; जन्माने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक, आणि तरी त्यांस काम करू दिले गेले. त्यांनी गोंडी शिकून घेतली, जमिनीचे पट्टे मिळवून देण्याच्या खटपटीत भाग घेतला आणि मार्लवाई येथे १९४३ पासून गोंड शिक्षक तयार करण्याचे काम चालविले. तेथील गोंडी पुस्तके देवनागरीत होती, हे मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांची पत्नी १९८७ साली वारली, ते स्वतः १९९५ साली; दोघांचे स्मारक मार्लवाईस आहे आणि गोंड लोक आजही तेथे जमतात. आमच्याकडूनही परदेशी गेलेल्या एका पाहुणीचे उदाहरण ह्या जातीचे आहे. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या व १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ मुंबईत निघाले. आगगाड्यांचे व शाळांचे कौतुक त्यांनी भरपूर केले, पण त्या देशाच्या मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेल्या जुलुमाची नोंद करण्यास त्या विसरल्या नाहीत.

आता एक प्रश्न आम्ही आम्हांसच विचारतो. एटापल्लीत परदेशी कोण? माडियाच्या दृष्टीने लंडनहून आलेला आणि लातुराहून आलेला यांत अंतर ते कितीसे? दोघांची भाषा त्यास परकी, दोघांचे जेवण निराळे, दोघांचे डोळे परतीच्या तारखेकडे. गडचिरोली जिल्ह्यात नेमणूक म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकरीत सर्रास मानले जाते. तेथे काम करणारास एक पायरी वरची वेतनश्रेणी द्यावी लागते, यातच सर्व आले. दूरच्या जिल्ह्यातून आलेला शिक्षक पहिलीच्या मुलास मराठीतून शिकवू लागतो, मूल गप्प बसते, आणि शिक्षक शेरा लिहितो की मूल मंद आहे. हा शेरा आणि मेमसाहेबांचे पुस्तक यांत आम्हांस तत्त्वतः भेद दिसत नाही. ह्यास अपवाद आहेत व ते नामांकित आहेत. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी प्रथम माडिया बोली शिकून मग रोग्यांची नाडी धरली. १९९५ साली मोनॅको ह्या इवल्याशा राज्याने त्या दांपत्याचे टपालाचे तिकीट काढले. २००८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परदेशचे तिकीट निघाले तेव्हा आमच्यांतील कित्येकांनी हेमलकसा नकाशावर प्रथम शोधले, हे सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे.

आजची स्थिती पाहू. राज्य परिवहनाची पहिली मोटार १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली. एटापल्ली तालुक्यातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी ह्या ३२ किलोमीटरांच्या रस्त्याचे व त्या बाजूच्या मोटारसेवेचे उद्घाटन १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. मध्यंतरी साडेशहात्तर वर्षे गेली. ह्या विलंबास सशस्त्र नक्षलवाद्यांची दहशत हे मोठे कारण होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्त्याची यंत्रे जाळणे, सुरुंग पेरणे हा त्यांचा कित्येक दशकांचा परिपाठ. परंतु ते कारणही आता उतरणीस लागले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांचा भूपती ह्या नावाने ओळखला जाणारा वरिष्ठ पुढारी आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवता झाला. ह्यापुढे पूल झाला नाही तर कोणाकडे बोट दाखविणार?

ह्याच तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. त्यावर ठाकूरदेवाचे ठाणे, आणि त्याच्या पोटात उंची लोखंड. खाणीचा पट्टा २००७ सालचा. २०१६ च्या डिसेंबरात तेथे सुमारे ऐंशी वाहने जाळली गेली व काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा जोरात चालू झाले. खनिजाच्या अवजड गाड्यांनी आलापल्ली–आष्टीच्या रस्त्याची जी चाळण केली, तिची गाऱ्हाणी वर्तमानपत्रांतून वारंवार आली. मग २०२५ साली हेडरीपासून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर नळ टाकण्यात आला, ज्यातून दळलेले खनिज पाण्यात कालवून वाहून नेले जाते. आलापल्लीच्या बाजूचे सागवानही २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातून मिरवणुकीने रवाना झाले. लाकूड जाते, लोखंड जाते. जाण्याच्या युक्तीत कोठे उणे पडत नाही.

आता माणूस कसा जातो ते पाहा. २०२४ च्या सप्टेंबरात शेजारच्या अहेरी तालुक्यात दोन लहान भाऊ तापाने गेले. आधी त्यांस पुजाऱ्याकडे नेले होते. आरोग्यकेंद्रात पोहोचले तेव्हा प्राण उरला नव्हता. शववाहिका मिळाली नाही, आणि आईबापांनी एकेक लेकरू खांद्यावर घेऊन सुमारे पंधरा किलोमीटर चिखलातून घर गाठले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भामरागड तालुक्यात एका गरोदर स्त्रीस भरलेला नाला ओलांडून देण्यासाठी माती उपसण्याच्या यंत्राच्या फावड्यात बसवावे लागले. आमचे शहरी सुधारक पुजाऱ्याचे नाव ऐकताच अंधश्रद्धेवर व्याख्यान देण्यास उभे राहतील. व्याख्यान आम्हांसही मान्य आहे. पण पुजारी गावात आहे आणि डॉक्टर नाल्यापलीकडे आहे, हे गणित तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईस व्याख्यानाने सोडविता येत नाही.

कोणी म्हणेल, हा सर्व दोष पैशाचा आहे. दूरच्या दहा घरांसाठी पूल परवडत नाही. ज्या तालुक्यातून खनिजाचा नळ पंचाऐंशी किलोमीटर जातो, त्या तालुक्यासंबंधी हा आक्षेप आम्ही ऐकूनही घेणार नाही. दुसरा कोणी म्हणेल, रस्ता केला तर रान जाईल. ही भीती खरी आहे, आणि तिचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने व २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस आपल्या मुलुखाविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. ह्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून तो वापरूनही दाखविला. कोणता रस्ता दवाखान्यास जातो आणि कोणता खाणीस, हे ग्रामसभेस पुण्याच्या तज्ज्ञाहून अधिक चांगले कळते. तिची सभा माडियात भरवावी, वृत्तांत माडियात वाचून दाखवावा, आणि मग सही घ्यावी.

सरकाराकडे आमचे मागणे थोडे आहे. एटापल्ली व भामरागड ह्या दोन तालुक्यांत पावसाळ्यात कोणकोणते नाले किती दिवस वाट अडवितात, ह्याची गावनिहाय नोंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. १ जानेवारीस सुरू झालेली मोटार जुलै-ऑगस्टात किती फेऱ्या करते, तेही त्यात असावे. गरोदर स्त्रियांनी दिवस भरण्याआधी येऊन राहावे म्हणून आरोग्यकेंद्रांशी जी माहेरघरे बांधली आहेत, तेथे सोबतच्या माणसाच्या व लहान मुलांच्या जेवणाची सोय पक्की असावी. घरची पोरे उपाशी ठेवून कोणती बाई पंधरा दिवस आधी येईल? केंद्रातील निदान एक नोकर माडिया बोलणारा असावा. आणि बांधकामखात्याने गट्ट्यापलीकडच्या नाल्यांवरील मोऱ्या मार्चअखेरच्या हिशेबासाठी न बांधता जूनच्या पहिल्या पावसापूर्वी वापरात येतील अशा बांधाव्यात.